१९८३चा मोसम: चाहत्यांच्या आठवणींचा संग्रह, प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

गेल्या मार्चमध्ये रालीच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या मुलांच्या बास्केटबॉल संघाने दहाव्या मानांकनावरून पाच दिवसांत पाच सामने जिंकून एसीसी (आमच्या विद्यापीठांची साखळी) स्पर्धा मारली. १९८७नंतर पहिल्यांदाच. मग थेट फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतली शेवटच्या चार संघांची फेरी गाठली, तीही १९८३नंतर पहिल्यांदाच. पुढे परड्यूने ६३–५० असं हरवलं, पण तोवर राली आणि कॅरीत लाल रंग उसळला होता. त्या तीन आठवड्यांत जिथे जावं तिथे माणसं चालू संघाविषयी दोन वाक्यं बोलून ‘त्र्याऐंशी’वर येत. दवाखान्यात, गॅरेजमध्ये, लेकीच्या शाळेच्या पार्किंगमध्ये. तेव्हाच आमच्या वाचनालयाच्या स्थानिक इतिहास गटात ठरलं की ही बोलणी ध्वनिमुद्रित करून ठेवायची. जे तेव्हा वीस वर्षांचे होते ते आता साठी ओलांडून गेलेत.

मराठीतून या नोंदी ठेवतेय, कारण इथे शिकायला आलेली आपली कितीतरी मुलं लाल टी-शर्ट घालतात, पण त्या रंगामागची गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नसते. मीही नव्वदच्या दशकात इथे एम.एस.ला आले तेव्हा विद्यापीठाच्या रेनॉल्ड्स कोलिझियमच्या छताला लटकलेले दोन फलक पाहायची, १९७४ आणि १९८३. चौऱ्याहत्तरचा संघ खराखुरा दादा होता. डेव्हिड थॉम्पसनसारखा खेळाडू होता, आणि सलग सात वर्षं विजेत्या राहिलेल्या यूसीएलएला त्यांनी दोन जादा वेळांनंतर ८०–७७ असं पाडलं होतं. त्र्याऐंशीचा संघ मात्र दहा सामने हरून राष्ट्रीय विजेता झाला. लोकांचा जीव त्यातच अडकलाय.

कामाचा एक नियम आज पक्का केला: मुलाखतीत १९८३च्या अंतिम सामन्यातल्या शेवटच्या डंकबद्दल (डंक म्हणजे उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये घालणं) आधी विचारायचं नाही. तो सगळ्यांना पाठ आहे. जानेवारीपासून सुरुवात करायची.

१२ जानेवारी, रविवार

मुद्दाम आजच्या तारखेला पहिल्या मुलाखती ठेवल्या. १२ जानेवारी १९८३ला रेनॉल्ड्समध्ये व्हर्जिनियाविरुद्ध सामना होता. व्हर्जिनियाकडे सात फूट चार इंच उंचीचा रॅल्फ सॅम्पसन. स्टेटचा डेरेक व्हिटनबर्ग त्या दिवशी लांबून असे काही चेंडू टाकत होता की पूर्वार्धातच त्याचे २७ गुण झाले. उत्तरार्धात तो उडी मारून खाली आला तो दुसऱ्याच्या पायावर, आणि पायाचं हाड मोडलं. सामना गेला, आणि मोसमही गेला असं सगळ्यांनी धरलं.

आज बोलले ते एक निवृत्त पोस्टमन. त्या रात्री ते वरच्या बाकांवर होते. ‘गुणफलकाकडे बघणं आम्ही बंद केलं होतं,’ ते म्हणाले. ‘तो कुबड्या घेऊन आत गेला त्या दाराकडेच सगळे बघत बसलो.’ पुढचे चौदा सामने व्हिटनबर्ग बाहेर होता. त्या काळात तुम्ही मैदानावर जात होतात का, असं मी विचारलं. त्यांना प्रश्नच कळेना. तिकीट काढलेलं होतं, न जाऊन कुठे जाणार?

त्यांनी आपणहून सांगितलेली आणखी एक गोष्ट: अर्नी मायर्स. पहिल्या वर्षाचा, न्यूयॉर्कचा पोरगा. व्हिटनबर्गच्या जागी उभा राहिला आणि ड्यूकविरुद्ध त्याने ३५ गुण टाकले. विजेतेपदाच्या गोष्टीत मायर्सचं नाव येता येता राहून जातं. पुढे व्हिटनबर्ग परतला, मायर्स पुन्हा बाकावर बसला, आणि कुरकुर केल्याचं कुणाला आठवत नाही. आमच्या संग्रहात त्याला स्वतंत्र विभाग असेल. हा निर्णय माझा आणि मी तो बदलणार नाही.

२५ जानेवारी, शनिवार

आठवणींची वर्गवारी चालू आहे. सुरुवातीला सामन्यांप्रमाणे रकाने केले होते, पण लोक तसे आठवत नाहीत. ते जागेप्रमाणे आठवतात: आजीच्या घरातला टीव्ही, तंबाखूच्या गोदामातला रेडिओ, वसतिगृहाचा जिना. म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रणाला दोन खुणा लावतेय, कुठला सामना आणि ऐकणारा कुठे होता.

‘टीव्हीचा आवाज बंद, रेडिओचा चालू’ हे जवळपास प्रत्येकाच्या बोलण्यात येतं. वॉली ऑस्ली आणि गॅरी डॉर्नबर्ग ही रेडिओवरची जोडी. टीव्हीवरचे बाहेरचे समालोचक तटस्थ बोलायचे आणि ते इथल्या लोकांना खपायचं नाही. त्यात चित्र आणि आवाज एकत्र यायचे नाहीत, त्यामुळे घरात गोंधळ व्हायचा. एका बाईंच्या वडिलांना टीव्हीवर बास्केट पडलेली दिसली, पण ऑस्ली ती सांगेपर्यंत ते टाळी वाजवत नसत.

खेळाच्या नियमांवर एक टिपण लिहून संग्रहाच्या सुरुवातीला ठेवावं लागणार, नाहीतर तरुण ऐकणाऱ्याला काही उमगणार नाही. त्या वर्षी एसीसीने प्रयोग म्हणून ३० सेकंदांचं घड्याळ आणि १७ फूट ९ इंचांवर तीन गुणांची रेषा ठेवली होती. राष्ट्रीय स्पर्धेत दोन्ही नव्हतं. म्हणजे तिथे एखाद्या संघाने आघाडी घेतली की तो चेंडू हवा तितका वेळ आपल्याकडे ठेवू शकत होता. चेंडू परत मिळवायला उपाय एकच: मुद्दाम फाउल करायचा. अर्ध्या डावात सात फाउल झाले की समोरच्याला ‘वन अँड वन’ मिळायचं. पहिला फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारी मोकळी फेक) आत गेला तरच दुसरा. पहिलाच हुकला की एकही गुण नाही, वर चेंडू हातचा गेला.

प्रशिक्षक जिम वाल्वानो यांनी सगळा डाव यावर मांडला. कोण फ्री थ्रो चुकतो, दडपणाखाली कुणाचा हात थरथरतो, हे हेरून त्यालाच फाउल करायचा. बाकी सगळे याला नशीब म्हणतात. सलग इतक्या सामन्यांत एकच गोष्ट घडत असेल तर तिला नशीब म्हणणं त्या माणसांवर अन्याय आहे, आणि संग्रहाची मांडणी करताना मी हे डोक्यात पक्कं ठेवलंय.

८ फेब्रुवारी, शनिवार

एका कुटुंबाने बुटांच्या खोक्यातून कॅसेटी आणून दिल्या. वडिलांनी रेडिओवरून घरीच उतरवून घेतलेलं समालोचन. लेबलांवर निळ्या शाईत तारीख आणि समोरच्या संघाचं नाव, आपलं नाव कुठेच नाही. ते लिहायची त्यांना गरज वाटली नसावी.

‘यूएनएलव्ही’ (लास व्हेगासचं नेवाडा विद्यापीठ) लिहिलेली कॅसेट वाजेना. आवाज यायचा, मग पाण्याखाली गेल्यासारखा दबायचा. भिंगातून पाहिलं तर फितीला मागून दाबणारा नमद्याचा इवलासा तुकडा गळून पडला होता. त्याचा डिंक चाळीस वर्षांत सुकून भुगा झालेला. तो तुकडा नसला की फीत वाचणाऱ्या भागाला नीट टेकत नाही. सुदैवाने हे कवच स्क्रूचं होतं. पाच बारीक स्क्रू काढले, वरचं झाकण उचललं, दोन्ही चकत्या फितीसकट उचलून तशाच नव्या रिकाम्या कवचात बसवल्या. फितीला बोट लागू न देणं हीच यातली खरी मेहनत. घाम पुसायलाही हात मोकळा नसतो. झाकण लावून पेन्सिलीने चकती दोनदा फिरवली, मग यंत्रात घातली.

आवाज स्वच्छ आला. स्टेट उत्तरार्धात बारा गुणांनी मागे होतं, तिथून समालोचन सुरू होतं. शेवटच्या क्षणाला थर्ल बेलीने उडालेला चेंडू परत आत ढकलला, ७१–७०. त्या क्षणी कॅसेटवर रेडिओच्या आवाजावर दुसराच एक आवाज चढतो. घरातलाच एक माणूस ओरडतोय, आणि एक बाळ रडायला लागतं. ज्या बाई खोकं घेऊन आल्या होत्या त्या ऐकत उभ्या होत्या. ते बाळ म्हणजे त्याच.

मूळ फीत तशीच जपून ठेवायची आणि डिजिटल प्रतीतून तो घरातला आवाज अजिबात गाळायचा नाही, असं नोंदवलंय. गटात एकाचं म्हणणं होतं की समालोचन ‘साफ’ करावं. मी ठाम नाही म्हटलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

१९८३मध्ये याच तारखेला रेनॉल्ड्सवर स्टेटने चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला, म्हणजे नुसत्या ‘कॅरोलायना’ला, ७०–६३ असं हरवलं. कॅरोलायना आदल्या वर्षीचे राष्ट्रीय विजेते. मायकल जॉर्डन, सॅम पर्किन्स त्यांच्याकडे. आणि व्हिटनबर्ग अजून बाहेरच होता.

आज बोललेल्या एका माजी विद्यार्थिनीच्या मते मोसम तिथेच फिरला. ‘आल्बकर्कीत अंतिम सामना आम्ही जिंकलो हे जगाने पाहिलं,’ ती म्हणाली, ‘पण जिंकू शकतो हे आम्हाला त्या शनिवारी कळलं.’ सिडनी लोने चेंडू हातात घेऊन मैदान कसं चालवलं, याचं तिने टेबलावर मीठदाणी आणि चमचे मांडून प्रात्यक्षिक दाखवलं. ध्वनिमुद्रणात चमच्यांचे आवाज आलेत. राहू देत.

लो आणि व्हिटनबर्ग दोघे मेरीलँडमधल्या डिमाथा शाळेचे, शाळेपासूनचे जोडीदार. बेली तिथून जवळच ब्लेडन्सबर्गचा. तिघेही शेवटच्या वर्षाला. लोक त्यांची नावं घरातल्या माणसांसारखी घेतात.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस जड गेला, पण तो विषय टाळून चालणार नव्हतं.

प्रशिक्षक वाल्वानो १९८०मध्ये आयोना कॉलेजातून इथे आले. मिश्कील, बोलघेवडे. त्यांचे खेळाडू आजही सांगतात की विजेतेपदानंतर जाळी कापायचा सराव ते संघाकडून दरवर्षी करून घ्यायचे. पण १९८९मध्ये विद्यापीठाच्या बास्केटबॉल विभागाविरुद्ध आरोप झाले, चौकशी झाली. खेळाडूंनी त्यांना मिळालेले बूट आणि तिकिटं विकल्याचं निघालं, अभ्यासाकडे झालेलं दुर्लक्ष उघड्यावर आलं. महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संघटना एनसीएएने दोन वर्षांची परिवीक्षा आणि १९९०च्या स्पर्धेतून बंदी घातली. १९९०च्या वसंतात वाल्वानोंनी पद सोडलं.

गटात मतभेद झाले. दोघांचं म्हणणं, आनंदाचा संग्रह आहे, हे कशाला? माझं म्हणणं उलट. तेव्हा इथे शिकवणारे एक प्राध्यापक आम्हाला भेटलेत. आल्बकर्कीच्या रात्री ते ब्रिकयार्डात, विद्यापीठाच्या विटांच्या चौकात, नाचले आणि सहा वर्षांनी त्याच प्रशिक्षकाने जावं म्हणून त्यांनी आवाज उठवला. दोन्ही गोष्टी ते एकाच मुलाखतीत, एकाच सुरात सांगतात. ती मुलाखत कापायची म्हणजे त्या माणसाला अर्धा करायचा. शेवटी ती पूर्ण ठेवायचं ठरलं.

काल २१ तारीख होती. १९९३मध्ये त्या दिवशी, संघाच्या दशकपूर्तीला, वाल्वानो रेनॉल्ड्समध्ये परत आले. कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला होता. पद सोडताना ज्यांनी पाठ फिरवली होती त्यांतलेही कितीतरी त्या दिवशी उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच, ४ मार्चला, त्यांनी न्यूयॉर्कमध्ये केलेलं भाषण सगळ्या देशाने ऐकलं: हार मानू नका, कधीही मानू नका. २८ एप्रिलला ते गेले. वय ४७. त्यांच्या नावाची संस्था आजही कर्करोगाच्या संशोधनाला पैसा देते. आमच्याशी बोललेल्या एका परिचारिकेने सांगितलं की तिच्या कामाच्या ठिकाणी बास्केटबॉलमधलं काहीही न कळणारी माणसं त्यांना ओळखतात.

२ मार्च, रविवार

रेनॉल्ड्समध्ये छायाचित्रं काढली. १९४९ची इमारत, पूर्वी साडेबारा हजारांच्या आसपास माणसं बसायची. मुलांचा संघ १९९९मध्ये मोठ्या मैदानावर गेला, इथे आता मुलींचा संघ खेळतो. २०१८पासून आतल्या मैदानाला वाल्वानोंचं नाव आहे. पोस्टमन काकांनी आपली जुनी जागा शोधायचा प्रयत्न केला, नूतनीकरणात ती उरलेली नाही. जवळपास कुठे होती ते हाताने दाखवलं, तो फोटो घेतला.

१३ मार्च, गुरुवार

एसीसी स्पर्धेचा विभाग पूर्ण. अटलांटा, ११ ते १३ मार्च १९८३. मोसमात तोवर १७ विजय, १० पराभव झालेले. स्पर्धा जिंकली नाही तर राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं येईल याची खात्री नव्हती. वेक फॉरेस्टला ७१–७०, कॅरोलायनाला जादा वेळेत ९१–८४, अंतिम सामन्यात व्हर्जिनियाला ८१–७८. व्हिटनबर्ग परतला होता.

वेक फॉरेस्टचा सामना लोरेन्झो चार्ल्सच्या फ्री थ्रोने सुटला. हे बहुतेकांना आठवत नाही. फ्री थ्रो टाकणारा चार्ल्स या संग्रहात पुन्हा येणार आहे.

१८ मार्च, मंगळवार

राष्ट्रीय स्पर्धेतला पहिला सामना, कॉर्व्हॅलिस, ओरेगन. समोर पेपरडाइन. या सामन्याबद्दल सगळ्यांत जास्त माणसांनी कबूल केलं की ते झोपून गेले होते. तिकडची वेळ तीन तास मागे, त्यामुळे इथे मध्यरात्र उलटत आली होती, आणि जादा वेळेत शेवटच्या मिनिटाला पेपरडाइन आरामात पुढे होतं. टीव्ही बंद करून आडवे झालेले लोक सकाळी वर्तमानपत्र उघडून बघतात तो दोन जादा वेळांनंतर ६९–६७, जिंकलो! पेपरडाइनचा भरवशाचा नेमबाज फ्री थ्रो चुकला, चेंडू परत आला, स्टेटच्या कोझेल मॅक्वीनने रिबाउंड (हुकून उडालेला चेंडू) घेऊन बरोबरी साधली.

जागे राहिलेल्यांतल्या एका बेकरीवाल्याला पहाटे तीनला पीठ मळायला जायचं होतं, म्हणून तो झोपलाच नव्हता. पहिल्या गिऱ्हाइकाला त्याने निकाल सांगितला तर त्याला तो खोटा वाटला. मग आलेल्या प्रत्येकाला हा सांगत सुटला. बेचाळीस वर्षांनी तो प्रसंग सांगताना तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

यूएनएलव्हीनंतर ऑग्डेन, युटा. त्याच राज्यातल्या युटा विद्यापीठाला ७५–५६, सरळ सामना. मग पुन्हा व्हर्जिनिया, पुन्हा सॅम्पसन: ६३–६२. शेवटच्या अर्ध्या मिनिटात चार्ल्सला व्हर्जिनियाने फाउल केला, कारण तोच चुकेल असा त्यांचा हिशोब. स्टेटचंच हत्यार त्यांनी स्टेटवर चालवलं. चार्ल्सने दोन्ही आत टाकले. दुसऱ्या वर्षाचा पोरगा, कुणी त्याच्या हाताचा भरवसा धरत नव्हतं. मला विचाराल तर या मोसमातले सगळ्यांत धीराचे दोन चेंडू हेच.

२९ मार्च, शनिवार

आज आपल्या मंडळातले एक काका आले. मूळचे इचलकरंजीचे, व्हीजेटीआयमधून वस्त्रोद्योगाची पदवी घेऊन १९८२च्या ऑगस्टमध्ये इथल्या टेक्स्टाइल स्कूलमध्ये आले. तेव्हा ते नेल्सन हॉलमध्ये भरायचं. मी मुलाखत इंग्रजीत घ्यायच्या तयारीत होते, तर म्हणाले, ‘अगं, आनंद झाला तो मराठीत झाला होता. मराठीतच सांगतो.’ तेव्हा हे आमच्या संग्रहातलं पहिलं मराठी ध्वनिमुद्रण. सोबत इंग्रजी भाषांतर मी करून जोडेन.

काकांना बास्केटबॉल कळत नव्हतं, कबड्डी कळत होती. एव्हेंट फेरी रस्त्यावर चौघांत एक घर, टीव्ही शेजाऱ्यांकडे. अंतिम सामन्यात ह्यूस्टनने आघाडी घेऊन उत्तरार्धात खेळ संथ केला तेव्हा शेजारी हताश झाले, पण काकांना ते ओळखीचं वाटलं. ‘आघाडीवरचा संघ चढाईला जाऊन नुसता रेषेशी वेळ काढतो ना, तसं चाललं होतं. आमच्या तालमीचे वस्ताद म्हणायचे, वेळ काढायला लागला की समज तो घाबरला.’

‘मग तुम्ही शेजाऱ्यांना सांगितलंत का, काका?’

‘सांगितलं तर! त्यांना वाटलं हा पोरगा वेडा आहे. मग ह्यूस्टनच्या फ्रँकलिनचा फ्री थ्रो हुकला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.’

त्यांनी एक आंतरदेशीय आकाराचं निळं हवाई पत्र आणलं होतं. ५ एप्रिल १९८३ची तारीख. आई गेल्यावर गावच्या ट्रंकेत सापडलं. अक्षर बारीक, कडेच्या घडीवरही लिहिलेलं, जागा वाया जाऊ नये म्हणून. त्यांच्या परवानगीने त्यातला मजकूर:

‘ती. बाबांस सा. न. काल रात्री आमच्या कॉलेजने साऱ्या अमेरिकेत पहिला नंबर काढला. स्कोअर ५४–५२. विटांच्या चौकात एवढी माणसं जमली की यात्रा वाटावी. शेकोट्या पेटवल्या. एका अनोळखी माणसाने मला उचलून घेतलं. आज वर्गात निम्मी बाकं रिकामी होती. प्रोफेसरांचा घसा बसलेला. माझी प्रकृती उत्तम. पैशांची काळजी करू नये.’

जुलैमध्ये बाबांचं उत्तर आलं. आत वर्तमानपत्राचं कात्रण, भारताने लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजला ४३ धावांनी हरवल्याचं. बाबांनी खाली एकच ओळ लिहिली होती: तुमचा झाला, आता आमचाही झाला. त्या उन्हाळ्यात इथे क्रिकेट दाखवणारं काही नव्हतं. विश्वचषक काकांनी त्या कात्रणातून पाहिला.

पत्र आणि कात्रण दोन्ही स्कॅन केलं. मूळ काकांना परत दिलं, ते त्यांच्या नातीला हवंय.

४ एप्रिल, शुक्रवार

अंतिम सामन्याचा विभाग आज बंद केला.

आल्बकर्कीचं मैदान जमिनीखाली खोदलेलं, गाव समुद्रसपाटीपासून मैलभर उंच. उपान्त्य सामन्यात जॉर्जियाला ६७–६० हरवलं होतं, बेली आणि व्हिटनबर्ग प्रत्येकी वीस गुण. समोर ह्यूस्टन. सलग २६ सामने जिंकून आलेले, ओलाजुवान आणि क्लाइड ड्रेक्सलर, डंकवर डंक मारणारा संघ. उपान्त्य सामन्यात त्यांनी लुइव्हिलला ९४–८१ असं झोडपलं ते पाहून, खरा अंतिम सामना शनिवारीच झाला असं सगळे म्हणत होते.

मध्यंतराला स्टेट ३३–२५ पुढे, ड्रेक्सलरचे चार फाउल झालेले. उत्तरार्धाच्या सुरुवातीला ह्यूस्टनने १७ गुण काढले, स्टेटने दोन. ४२–३५. मग ह्यूस्टनचे प्रशिक्षक गाय लुइस यांनी संघाला खेळ संथ करायला लावला आणि वाल्वानोंनी फाउल करायला लावलं. ह्यूस्टनचे १९ फ्री थ्रोंपैकी १० आत गेले. ५२–४६वरून व्हिटनबर्ग आणि लो यांनी लांबून टाकत ५२–५२ केलं. मिनिटभर उरलेलं असताना अल्विन फ्रँकलिनला फाउल, वन अँड वन, पहिलाच हुकला, रिबाउंड मॅक्वीनकडे.

स्टेटच्या शेवटच्या चढाईत ह्यूस्टनच्या बेनी अँडर्सच्या बोटांना चेंडू लागलाच होता. व्हिटनबर्गने तो कसाबसा सावरला, सुमारे तीस फुटांवरून फेकला, तो तोकडा पडला, आणि रिंगखाली उभ्या चार्ल्सने हवेतच धरून आत घातला. वाल्वानो मिठी मारायला माणूस शोधत मैदानभर धावले.

तो फटका होता की पास? व्हिटनबर्ग हसत पास म्हणत आलाय. आमच्याकडच्या मुलाखतींत बहुतेक जण ‘फटकाच होता’ म्हणतात आणि लगेच ‘पण चार्ल्स तिथे उभा का होता ते बघा’ असं पुढे जोडतात. ओलाजुवान फटका अडवायला पुढे सरकला होता, म्हणून रिंगखाली जागा मोकळी. चार्ल्सचे त्या सामन्यात चारच गुण. ओलाजुवानचे २० गुण आणि १८ रिबाउंड, आणि हरूनही स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

चार्ल्स पुढे रालीतच बस चालवायचा. २७ जून २०११ला आय-४० महामार्गावर त्याच्या बसला अपघात झाला, त्यात तो गेला. बसमध्ये प्रवासी नव्हते. वय ४७, वाल्वानोंइतकंच. आमच्याशी बोललेल्यांत त्याच्याबद्दल बोलताना आवाज न बदललेला माणूस मला तरी भेटला नाही.

टीव्हीवरची चित्रफीत आम्ही वापरत नाही. गेल्या जूनमध्ये त्या संघातल्या काही खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध दावा दाखल केलाय, की त्या क्षणाचा आणि त्यांच्या नावाचेहऱ्यांचा चाळीस वर्षं धंदा झाला आणि त्यांना काही मिळालं नाही. मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. आमच्या संग्रहात चाहत्यांचे आवाज आहेत, तेवढे पुरेसे आहेत.

८ एप्रिल, मंगळवार

काल रात्री सॅन अँटोनियोत ह्यूस्टन पुन्हा अंतिम सामना हरलं. फ्लोरिडा ६५, ह्यूस्टन ६३. उत्तरार्धात बारा गुणांची आघाडी होती. शेवटच्या चढाईत फटका मारायलासुद्धा मिळाला नाही. नेमबाज उडाला, समोरचा अंगावर आला, चेंडू खाली सोडावा लागला आणि वेळ संपली. १९८३, १९८४, २०२५. तीनदा दारापर्यंत येऊन परत.

शनिवारी त्यांनी ड्यूकला चौदा गुणांच्या पिछाडीवरून हरवलं तेव्हा स्टेटवाले खूश होते, ड्यूक हरलं म्हणून. काल मात्र गटातल्या फोनवर वेगळंच चाललं होतं. पोस्टमन काकांनी लिहिलं, ‘या वेळी त्यांना मिळायला हवं होतं.’ बेकरीवाल्यानेही तेच.

त्यावरून आज सकाळी ठरवलं: ह्यूस्टनकडची एक तरी मुलाखत हवी. गटातल्या एकीचे दीर १९८३मध्ये तिथले विद्यार्थी. फोनवर तयार झाले.

१२ एप्रिल, शनिवार

ह्यूस्टनची मुलाखत काल व्हिडिओ कॉलवर झाली. दीरसाहेब त्या रात्री वसतिगृहाच्या हॉलमध्ये होते. त्यांना डंकपेक्षा त्यानंतरची शांतता आठवते, आणि आपल्या संघाने खेळ संथ केला तेव्हा हॉलमधल्या एका पोराने ‘पळा ना!’ म्हणून मारलेली हाक. दुसऱ्या दिवशी संघाच्या स्वागताला ते गेले होते. ‘हरलो म्हणून जायचं नाही?’ असं त्यांनी मलाच विचारलं. हा विभाग अंतिम सामन्याच्या अगदी शेजारी ठेवलाय, परिशिष्टात नाही.

संग्रहाचा क्रम नक्की झाला. जानेवारीतल्या मोडलेल्या पायापासून सुरुवात, मग मायर्स, मग १९ फेब्रुवारी, मग एसीसी आणि राष्ट्रीय स्पर्धेतले नऊ सामने. ऑग्डेनमधले चार्ल्सचे दोन फ्री थ्रो स्वतंत्र पानावर. डंक त्याच्या जागी, इतरांइतकीच जागा घेऊन. १९८९ आणि १९९३ त्यानंतर.

फाइली वाचनालयाच्या सर्व्हरवर चढवल्या, दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर. संमतिपत्रं स्कॅन करून जोडली. काकांच्या पत्राचं भाषांतर बाकी आहे, ‘सा. न.’ला तळटीप द्यावी लागेल. ‘जॉर्जिया’ लिहिलेल्या कॅसेटचं कवच चिकटवलेलं आहे, स्क्रू नाहीत, ते पुढच्या आठवड्यात सांध्यावरून कापून उघडायचं. अर्नी मायर्सबद्दल आणखी कुणी बोलणार असेल तर त्यांच्यासाठी मेमध्ये दोन शनिवार मोकळे ठेवलेत.